वॉशिंग मशीनमधला कुबट वास : या चुका टाळा

इंदूरमध्ये जूनच्या मध्यावर पाऊस लागला, की वॉशिंग मशीनच्या कुबट वासाची तक्रार घरोघरी ऐकू येऊ लागते. कपडे धुतलेले असतात, पावडरही चांगली असते, तरी घडी उलगडली की ओल्या पोतेऱ्यासारखा वास येतो. दोष हवेला दिला जातो आणि उपाय म्हणून सुगंधी फॅब्रिक कंडिशनरचे एक झाकण जास्त ओतले जाते. पावसाळी हवेने वास वाढतो हे खरे, पण त्याचे मूळ मशीनच्या आत असते. पूर्ण न निघालेला साबण, कपड्यांतून सुटलेले घाम-तेल आणि बारीक तंतू यांचा चिकट थर तेथे सतत ओला राहतो आणि त्यावर जिवाणू व बुरशी पोसली जातात. कंडिशनर स्वतःच स्निग्ध असल्यामुळे तो या थरात भरच घालतो.

वास कोठून येतो हे न पाहता उपाय सुरू करणे, ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मशीन रिकामे असताना आधी ड्रमचा, मग साबणाच्या कप्प्याचा, त्यानंतर खालच्या फिल्टरपाशी आणि शेवटी मोरीत सोडलेल्या पाइपापाशी वास घेऊन पाहावा. मातकट, कुबट वास बहुधा बुरशीचा असतो. सडक्या अंड्यासारखा वास साचलेल्या पाण्याकडे किंवा गटाराकडे बोट दाखवतो. जळक्या रबराचा वास मात्र पट्ट्याचा किंवा मोटरचा असू शकतो. तेथे कोणतीही पावडर उपयोगाची नाही, मशीन बंद करून मेकॅनिकलाच बोलवावे.

साबण जास्त, पाणी कमी

फ्रंट लोड मशीन मुळातच कमी पाण्यात धुते, म्हणून त्यात कमी फेसाचीच पावडर किंवा लिक्विड वापरावे लागते. बादलीत भिजवण्याच्या सवयीने मोठा चमचा भरून पावडर घातली, तर ती खळबळण्याच्या पाण्याने पूर्ण निघत नाही. इंदूरमध्ये यात आणखी एक गुंतागुंत आहे. १९७८ पासून जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी अनेक वस्त्यांत एक दिवसाआड मिळते आणि उरलेली गरज बोअरिंगवर भागते. बोअरिंगचे पाणी सहसा अधिक जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे फेस कमी होतो व पावडर जास्त लागते. घरातले माप याच पाण्यावर ठरते आणि नर्मदेचे पाणी आले तरी तेच चालू राहते, कारण गच्चीवरच्या टाकीत कोणत्या दिवशी कोणते पाणी किती आहे, हे धुणे लावणाऱ्याला कळण्याची सोयच नसते. म्हणून पाकिटावर हलक्या पाण्यासाठी दिलेल्या मापापासून सुरुवात करावी आणि मळ निघत नसेल तरच ते थोडे वाढवावे.

साबण साचला आहे की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. मशीन रिकामे ठेवून, काहीही न घालता, कोमट पाण्याचे एक चक्र चालवावे. दाराच्या काचेवर फेस चढू लागला, तर तो सारा जुन्या साबणाचा आहे.

कप्पा आणि रबराची घडी

साबणाचा कप्पा बाहेर काढता येतो, हे अनेक घरांत मशीन जुने होईपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही. खटका दाबून तो पूर्ण ओढला, की कंडिशनरच्या खणातील झाकणाखाली करड्या रंगाचा बुळबुळीत गोळा बसलेला दिसतो. कप्प्याच्या पोकळीत टॉर्च धरून वर पाहिले, तर पाणी जेथून पडते त्या छतावर काळे ठिपके असतात. नुसता कप्पा धुऊन परत बसवला आणि ते छत जुन्या टूथब्रशने घासले नाही, तर वास काही दिवसांत परततो. दाराच्या रबरी गॅस्केटची खालची घडीही अशीच उलटून पुसावी. तेथे केसांच्या पिना, नाणी, राखीचे दोरे आणि त्यांच्या सोबतीने वाटीभर शिळे पाणी निघते. रबरात मुरलेले काळे डाग कधी कधी जात नाहीत, मात्र डाग राहिला म्हणजे वास राहिलाच असे नाही. त्यासाठी रबर खरवडून फाडू नये.

थंड पाणी, बंद झाकण

विजेची बचत म्हणून प्रत्येक धुणे थंड पाण्यात आणि पंधरा मिनिटांच्या चक्रावर उरकले, तर तेलकट थर विरघळण्याची संधीच मिळत नाही. टॉवेल, पायपुसणी आणि सुती चादरी अधूनमधून साठ अंशांवर धुतल्या, तर मशीनही त्याच वेळी आतून धुतले जाते.

धुणे संपल्यावर कपडे तासन्‌तास आत ठेवणे आणि कपडे काढताच झाकण घट्ट लावणे, या दोन चुका बरोबरीनेच होतात. दार चार बोटे उघडे ठेवावे आणि कप्पाही थोडा बाहेर ओढून ठेवावा. घरात लहान मूल असेल, तर ते ड्रममध्ये शिरणार नाही अशी व्यवस्था आधी करावी. मशीनचा मळक्या कपड्यांच्या टोपलीसारखा वापर तर मुळीच करू नये. रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहून आल्यावर भिजलेले, रंगलेले कपडे थेट ड्रममध्ये टाकून ‘उद्या लावू’ म्हणणारी घरे कमी नाहीत. त्या गुलालाचा पिठूळ गाळ रात्रभरात रबराच्या घडीत बसतो. असे कपडे आधी मोरीत झटकून व खळबळूनच मशीनमध्ये घालावेत.

फिल्टर आणि निचरा

फ्रंट लोडचा निचरा-फिल्टर महिन्यातून एकदा तरी उघडावा. प्लग काढावा, पाणी गरम नाही याची खात्री करावी, खाली ताटली ठेवावी आणि मगच झाकण फिरवावे. टॉप लोडमध्ये तंतू अडवणारी जाळी पिशवी असते. ती फाटली असेल तर बदलावी, कारण फाटक्या जाळीतून सुटलेला सारा कचरा आतल्या आणि बाहेरच्या टबमधल्या फटीत जातो, जेथे आपला हात पोहोचत नाही.

पाइपाकडे कोणी पाहत नाही. फ्रंट लोडचा निचऱ्याचा पाइप साधारणपणे जमिनीपासून ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर नेऊन मग खाली सोडायचा असतो. नेमके माप मशीनच्या पुस्तिकेत पाहावे. तो जमिनीवर लोळत असेल किंवा मोरीच्या नळीत खोलवर कोंबून कडेने फडके भरलेले असेल, तर गटाराची हवा थेट मशीनमध्ये चढते. असे असेल, तर ड्रम कितीही स्वच्छ केला तरी वास जाणार नाही.

सफाई करताना

येथे सर्वांत धोक्याची चूक घडते. ब्लीच आणि आम्ल, म्हणजे व्हिनेगर, लिंबूफूल किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड, कधीही एकत्र घालू नये, एकापाठोपाठही घालू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा लाडका उपाय निरुपद्रवी आहे, पण निरुपयोगीही आहे : फसफस होते आणि दोघेही एकमेकांना निकामी करतात.

कामे दोन आहेत आणि ती वेगवेगळ्या दिवशी करावीत. जड पाण्याचा पांढरा क्षार काढण्यास लिंबूफूल चांगले. चिकट थर काढण्यास मात्र उष्णता आणि क्षारधर्मी पदार्थ लागतो. त्यासाठी सोडियम परकार्बोनेट असलेली टब क्लीनिंग पावडर पाकिटावरील मापाने घालून, मशीनमध्ये असेल तर टब क्लीन, नाहीतर सर्वांत गरम आणि लांब चक्र चालवावे. टॉप लोडमध्ये हीटर नसेल, तर पुस्तिकेत चालेल तितकेच गरम पाणी भरून ते काही वेळ भिजत ठेवावे. पहिल्या फेरीनंतर करडे पापुद्रे तरंगताना दिसले, तर काम फसले असे समजू नये. थर सुटू लागला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पापुद्रे थांबेपर्यंत पांढरे कपडे लावू नयेत.

मशीन निर्मळ झाल्यावरही काही टॉवेलांचा वास ओले होताच परत येतो. तो कपड्यातच मुरलेला असतो. सुती आणि पक्क्या रंगाचे टॉवेल परकार्बोनेटच्या गरम पाण्यात दोन-तीन तास भिजवून मग धुवावेत आणि पंख्याखाली एकमेकांपासून सुटे वाळत घालावेत.

एवढे करूनही टॉप लोडमधून पापुद्रे येतच राहिले, तर मेकॅनिकला पल्सेटर (टबच्या तळाची फिरती चकती) आणि आतला टब काढून धुण्यास सांगावे आणि तो उघडलेला असताना समोर उभे राहून पाहावे. नुसती सफाईची पावडर विकून निघणाऱ्याला पैसे देण्यात अर्थ नाही, कारण ती पावडर आपण आधीच वापरून झालेली असते.