ऑनलाइन कोर्स करताय? या चुका टाळा

निकाल लागले की आमच्या परळच्या अभ्यासिकेत एकच प्रश्न सुरू होतो, "ताई, कुठला ऑनलाइन कोर्स चांगला?" मी विचारते, कशासाठी? "सर्टिफिकेटसाठी." झालं, तिथेच गाडी रुळावरून घसरते. फुकटात खुले असले तरी हे सगळे कोर्स एका जातीचे नसतात. कुठे प्राध्यापक शिकवतात आणि शेवटी परीक्षा असते, कुठे सॉफ्टवेअर स्वतः चालवून शिकायचं असतं, तर कुठे शिकणारेच एकमेकांना शिकवतात. अभ्यासाची रीत जातीप्रमाणे बदलावी लागते. पोरं ती बदलत नाहीत.

असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवरून उचलणं

या चुकीवर माझा खास राग आहे. एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेचा ऑनलाइन शिकवण्याचा उपक्रम. व्हिडिओंचं काम २००३ पासूनचं, प्रमाणपत्राचे कोर्स २०१४ पासूनचे, आणि आता ते 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर असतात. ४, ८ किंवा १२ आठवडे शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि शेवटच्या तारखेच्या आत तिची उत्तरं कुठल्या ना कुठल्या टेलिग्राम ग्रुपवर हजर असतात.

ठाण्याहून येणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा असाच निवांत होता. असाइनमेंटमध्ये २५ पैकी २४ पडलेले, त्यामुळे व्हिडिओ उघडायची गरजच वाटली नाही. परीक्षेत १०० पैकी २९ मिळाले. परीक्षेचं वजन ७५ टक्के, म्हणजे हातात आले पावणेबावीस. निकाल घेऊन तो माझ्याकडे भांडायलाच आला. "ताई, एकूण पावणेसेहेचाळीस होतात, चाळीसच्या वर आहेत, मग नापास कसा?" नियम कोर्सच्या पानावरच लिहिलेला होता. असाइनमेंटच्या २५ पैकी किमान १० आणि परीक्षेच्या ७५ पैकी किमान ३०, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. एकाचे जादा गुण दुसऱ्याच्या कामी येत नाहीत. आणि परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यायची असते. तिथे टेलिग्राम काय करणार?

गंमत म्हणजे १२ आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ८ असाइनमेंटच धरतात. चार हुकल्या तरी बिघडत नाही. एवढी सूट असताना चोरी कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्याकडे बसणाऱ्यांना मी असाइनमेंट आधी वहीत सोडवायला लावते. उत्तराशेजारी एका ओळीत कारण लिहायचं, मगच ते स्क्रीनवर भरायचं. तारीख उलटली की उत्तरं जाहीर होतात, ती वहीशी ताडायची आणि चुकलेल्या प्रश्नावर लाल खूण करायची. परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त लाल खुणा वाचायच्या. यात शास्त्र वगैरे काही नाही, पण उपयोग होतो.

करून शिकायचा कोर्स लोकलमध्ये बघून संपवणं

आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल साधारण दहा-दहा मिनिटांची असतात, मराठीतही आहेत. लिबरऑफिस, लिनक्स, पायथन, हवं ते शिका. ती बनवलीच आहेत अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्या स्क्रीनवर सॉफ्टवेअर ठेवण्यासाठी. थांबवायचं, स्वतः करायचं, पुढे जायचं. आमची मंडळी ती डोंबिवली फास्टमध्ये, दांडीला लटकत, दीडपट वेगाने बघतात.

हिशेबाच्या नोकरीसाठी तयारी करणाऱ्या एकीने कॅल्कची, म्हणजे लिबरऑफिसमधल्या एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरची, अख्खी मालिका अशीच प्रवासात 'पूर्ण' केली. मी तिला थकबाकीची यादी दिली आणि म्हटलं, रकमेप्रमाणे लाव. तिने फक्त रकमेचा रकाना निवडून सॉर्ट केलं. शेजारच्या रकान्यांतही माहिती आहे, तीही सोबत घ्यायची का, असं कॅल्कने विचारलं. तिने न वाचता 'करंट सिलेक्शन' दाबलं. रकमा झाल्या वरखाली, नावं राहिली जागच्या जागी. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर! वर तिला ते दिसलंच नाही, कारण यादी छान चढत्या क्रमाने लागली होती.

व्याख्यानं गाडीत ऐका, खुशाल ऐका. करून शिकायच्या गोष्टीला मात्र टेबल-खुर्ची लागते, आणि वेग दीडपट केल्याने बोटं दीडपट शिकत नाहीत.

चर्चेच्या कोर्सात व्हिडिओची वाट बघत बसणं

२००८ मध्ये कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठातून जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी जो कोर्स चालवला, तिथून ही तऱ्हा सुरू झाली. फी भरून २५ जण, बाहेरून फुकट सुमारे २,२०० जण, आणि शिकायचं ते एकमेकांचं वाचून, एकमेकांना उत्तरं देऊन. २०११ च्या स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं, पण तो व्हिडिओ आणि चाचण्यांचा. आज आपल्याकडे बहुतेक कोर्स या दुसऱ्या वळणाचे. म्हणून चर्चेचा कोर्स मिळाला की पोरं म्हणतात, "यात काही शिकवतच नाहीत." बाळांनो, लिहा काहीतरी, मग कोणी उत्तर देईल.

आता किरकोळ. एकदम पाच कोर्सना नाव नोंदवू नका, एकही होत नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून घ्यायची मुभा आहे, पण तुमचं कॉलेज त्याचं क्रेडिट देतं का, म्हणजे तो विषय पदवीत धरतं का, हे आधी विचारा, कोर्स संपल्यावर नव्हे. नावाचं स्पेलिंग नोंदणीच्या वेळीच तपासा. आणि हॉल तिकीट आलं की केंद्राचा पत्ता त्याच दिवशी नकाशावर बघा. परीक्षा रविवारी असली, तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे तेही.