गणपतीच्या शाळेत बघायला आलेल्यांना काय दाखवायचं

आमच्या कुडाळ-मालवण पट्ट्यात गणपतीच्या शाळेचं, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागेचं, दार कधी बंद नसतंच. नागपंचमीच्या सुमारास लोक मूर्तीसाठी आपापला लाकडी पाट आणून ठेवतात, मग येता-जाता डोकावून विचारतात, "आमचो झालो काय?" आता त्यांच्यात पर्यटक आले आणि मोबाईलवरून बघणारेही आले. आपलं काम लोकांना दाखवायचं असेल तर मी काय करते ते सांगते.

रंगवलेली मूर्ती दाखवून सुरुवात करू नका. ती चतुर्थीला सगळ्यांना दिसणारच आहे. माती दाखवा: भिजत घातलेला शाडू, मळताना त्यातले खडे वेचणारी बोटं. मूर्तीच्या धडाला तिचा हात जोडताना तर मोबाईल अगदी जवळ न्या. दोन्ही बाजू आधी खरवडायच्या, मधे पातळ मातीचा लगदा भरायचा आणि दाबून ओल्या ब्रशने सांधा पुसून टाकायचा. तोंडाने कारणही सांगा: एक बाजू ओली आणि दुसरी सुकलेली असेल तर दोन्ही सारख्या आकसत नाहीत, मग सांधा सुटतो. एवढं बघितलेला माणूस पुढे भावात घासाघीस कमी करतो, हा माझा अनुभव.

"उन्हात का नाय ठेवत?" हे प्रत्येकजण विचारतो. श्रावणात ऊन आलं तरी मूर्ती बाहेर काढायची नाही. वरचा थर चटकन सुकतो, आत ओल राहते आणि तडा जातो. तडा गेलाच तर तो बुजवतानाही दाखवा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मोबाईलसाठी स्टँड नसला तर तांदळाचा डबा चालतो. उजव्या हाताने काम करत असाल तर दार किंवा खिडकी डाव्या अंगाला घ्या, म्हणजे हाताची सावली मूर्तीवर पडत नाही. एका व्हिडिओत एकच काम. वर गाणं चिकटवू नका, कौलांवरचा पाऊस ऐकू येऊ दे.

कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे बाहुली नुसती मांडून ठेवत नाहीत, नाचवून दाखवतात. शाळेतही तसंच हवं. भाषण कमी, हात चालू. पोरांना मातीचा गोळा द्या, पण तो परत चांगल्या मातीत मिसळू नका. त्यात केसापासून चॉकलेटच्या कागदापर्यंत काहीही निघतं.

काही गोष्टी मात्र राखून ठेवाव्यात. पाटावर घराण्याचं नाव असतं, ते चित्रात येऊ देऊ नका. मूर्ती त्यांची आहे, विचारल्याशिवाय जगाला दाखवायची नाही. आणि डोळ्यांची आखणी मी कोणासमोर करत नाही. त्यात गुपित काही नाही, पण श्वास रोखून रेघ ओढत असताना कोणी "किती वाजले गो?" म्हटलं की पापणी गेलीच. तुमचा हात कॅमेऱ्यासमोर स्थिर राहत असेल तर खुशाल दाखवा.

व्हिडिओ बघून "अश्शीच करून द्या" म्हणणारे चतुर्थीच्या तोंडावर फोन करतात. त्यांना सरळ नाही म्हणा, आणि पुढच्या वर्षी पाट आषाढातच आणायला सांगा.