लाभांश देणारा ॲमजेन आणि भारतावरचा दुप्पट फंड: तुलना कशी करावी

अमेरिकेतील ब्रोकरेज खात्यात ॲमजेन या जैवतंत्रज्ञान कंपनीचा शेअर आणि ‘डायरेक्सियन डेली एमएससीआय इंडिया बुल टू एक्स’ हा फंड एकाच यादीत दिसू शकतात. दोघांपुढे भाव, वर्षभराचा परतावा आणि लाभांशाचा दर असे सारखेच रकाने असतात. या रकान्यांवरून निवड करू नये. आपले पैसे किती काळ गुंतवून ठेवायचे आहेत, हे आधी कागदावर लिहावे, कारण पहिली वस्तू वर्षांच्या हिशेबाची आहे आणि दुसरी दिवसांच्या.

आधी ॲमजेन पाहू. कॅलिफोर्नियातील या कंपनीने २०११ मध्ये पहिला लाभांश दिला, तो तिमाहीला प्रति शेअर २८ सेंट होता. २०२४ मध्ये तो २ डॉलर २५ सेंटांवर पोहोचला. पुढेही तो मिळत राहील का, हे तपासताना बहुतेक जण लाभांशाला प्रति शेअर नफ्याने भागतात, आणि नेमकी येथेच फसगत होते. २०२४ मध्ये ॲमजेनचा हिशेबी नफा प्रति शेअर ७.५६ डॉलर होता आणि लाभांश ९ डॉलर, म्हणजे वरवर पाहता कंपनी मिळकतीपेक्षा जास्त वाटत होती. प्रत्यक्षात २०२३ मध्ये सुमारे २,८०० कोटी डॉलरना घेतलेल्या होरायझन कंपनीच्या औषधहक्कांचे मूल्य दरवर्षी थोडे थोडे खर्ची टाकावे लागते आणि त्यामुळे नफा आक्रसतो, परंतु त्या नोंदीपायी त्या वर्षी तिजोरीतून रोकड जात नाही. त्याच वर्षी भांडवली खर्च वजा जाता हाती उरलेली रोकड सुमारे १,०४० कोटी डॉलर होती आणि लाभांशावर त्यातील निम्म्याहून कमी रक्कम गेली. म्हणून वार्षिक अहवालातील रोख प्रवाहाचे पान आधी उघडावे, त्यानंतर कर्ज पाहावे आणि शेवटी पेटंटांच्या मुदती. हाडांच्या ठिसूळपणावरील प्रोलिया या औषधाची २०२४ मधील विक्री सुमारे ४४० कोटी डॉलर होती; अमेरिकेत २०२५ पासून त्याला बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळत्याजुळत्या पर्यायी औषधांची, स्पर्धा सुरू झाली. लाभांशाला खरा धोका अशाच ठिकाणी असतो.

आता फंडाकडे वळू. त्याच्या नावातील ‘डेली’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. भारतीय शेअरांचा भाव मोजणाऱ्या एमएससीआय इंडिया निर्देशांकाच्या एका दिवसाच्या चढउताराच्या दुप्पट परतावा, एवढेच या फंडाचे उद्दिष्ट आहे; एका वर्षाच्या दुप्पट नव्हे. हे प्रमाण रोज टिकवण्यासाठी बाजार चढला की फंडाला आपली जोखीम वाढवावी लागते आणि उतरला की कमी करावी लागते. समजा, निर्देशांक एके दिवशी २ टक्के चढला, दुसऱ्या दिवशी २ टक्के उतरला आणि असे २५० दिवस चालले, तर निर्देशांक सुमारे ४.९ टक्के घसरतो, पण दुप्पट फंड सुमारे १८ टक्के. व्याज आणि शुल्क यात धरलेलेही नाही. याउलट, बाजार सलग २० दिवस रोज १ टक्का चढला, तर निर्देशांक २२ टक्के वाढतो आणि फंड जवळपास ४८.६ टक्के, म्हणजे दुपटीहूनही जास्त. बाजार सरळ चालला तर फंड साथ देतो आणि हेलकावे खाऊ लागला तर झिजतो. हा हिशेब वाचकाने वहीवर एकदा स्वतः करून पाहावा, असे मला कळकळीने वाटते.

हाच फंड पूर्वी तिप्पट होता. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. तिप्पट फंडात असा एक दिवस सुमारे ३९ टक्के भांडवल नेतो. त्याच महिन्याच्या अखेरीस व्यवस्थापनाने हे प्रमाण दुपटीवर आणले. डायरेक्सियनचाच रशियावरचा असाच दुप्पट फंड तर मार्च २०२२ मध्ये गुंडाळला गेला. परदेशी बाजाराबरोबर तेथील राजकारण आणि चलनही विकत घेतले जाते. रुपया घसरला, तर डॉलरमधील या फंडाला तो फटका दुप्पट बसतो.

लाभांशाच्या रकान्याबद्दल एक विशेष इशारा द्यावासा वाटतो. असा फंड जी रक्कम वाटतो, तिचा मोठा भाग बऱ्याचदा स्वॅप करारांसाठी (निर्देशांकाचा परतावा बँकेकडून मिळवण्याच्या करारांसाठी) बाजूला ठेवलेल्या रोकडीवरच्या व्याजाचा असतो. तिची तुलना औषधविक्रीतून येणाऱ्या लाभांशाशी करू नये. शिवाय दुप्पट परताव्यासाठी केलेल्या उसनवारीचे व्याज फंड आतल्या आत भरत असतो, ते शुल्काच्या आकड्यात नेहमी दिसत नाही.

भारतात राहणाऱ्यांनी अमेरिकी लाभांशावर तेथे साधारण २५ टक्के कर कापला जातो हे धरून चालावे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत परदेशी मार्जिन व्यवहारांसाठी, म्हणजे थोडी अनामत भरून उसन्या बळावर केलेल्या सौद्यांसाठी, पैसे पाठवता येत नाहीत; हा फंडही आतून उसनवारीवर चालतो, त्यामुळे असा फंड आपल्या खात्यातून घेता येतो का, हे ब्रोकरकडून लेखी विचारून घ्यावे.

माझे मत असे, की पाच वर्षांसाठी बाजूला काढलेले पैसे या फंडात ठेवू नयेत, त्या मुदतीसाठी ॲमजेनसारख्या शेअरचाच विचार करावा. फंड घ्यायचाच असेल, तर किती दिवसांसाठी, किती रकमेचा आणि कोणत्या भावाला बाहेर पडायचे, हे तिन्ही आकडे खरेदीची ऑर्डर टाकण्यापूर्वी लिहून ठेवावेत.