आकडा आधी, फेक नंतर : खेळातून लहान मुलांना ध्येय ठरवायला शिकवताना

पहिली ते तिसरीच्या मुलांना ‘तुझं ध्येय काय?’ असं विचारलं की ‘डॉक्टर होणार’, ‘पोलीस होणार’ अशी उत्तरं येतात आणि विषय तिथेच संपतो. या वयात ध्येय म्हणजे पुढच्या पाच मिनिटांत करून बघता येईल आणि मोजता येईल अशी गोष्ट. त्यासाठी रिंगफेकीसारखा दुसरा खेळ नाही. जत्रेमुळे तो बहुतेकांच्या ओळखीचा असतो. आपण त्यात एकच बदल करायचा: रिंग हातातून सुटण्याआधी मुलाने आकडा सांगायचा.

तयारी

३० मुलांचा वर्ग असेल तर सहा-सहांचे पाच गट करावेत. प्रत्येक गटाला एक लिटरची पाण्याची बाटली, पाच रिंगा, दहा चिंचोके आणि खडू. बाटलीत एक तृतीयांश वाळू भरावी. रिकामी बाटली रिंगेच्या धक्क्याने आडवी होते आणि ‘पडली की नाही’ यावरच तास संपतो.

रिंगा वर्तमानपत्राच्या कराव्यात. दोन मोठी पानं एकावर एक ठेवून एका कोपऱ्यापासून तिरकी, घट्ट गुंडाळायची. तयार झालेल्या पुंगळीची टोकं एकमेकांत खुपसून वर चिकटपट्टी मारायची. आतला व्यास १८ ते २० सेंटिमीटर ठेवावा. एकाच पानाची रिंग हलकी होते आणि भरकटते. मग आपला नेम चुकला की रिंगच वाकडी गेली, हे मुलाला कळत नाही आणि पुढचा आकडा ठरवायला आधार उरत नाही.

बाटलीपासून १, १.५, २, २.५ आणि ३ मीटरवर खडूने रेषा आखाव्यात. सगळ्या गटांची फेक एकाच दिशेने, भिंतीकडे असावी.

खेळ

पहिली फेरी नुसत्या सरावाची. प्रत्येकाने १.५ मीटरवरून पाच रिंगा फेकायच्या, आकडा सांगायचा नाही. आपल्याला किती जमतं याचा अंदाजच नसेल तर मूल तोंडाला येईल तो आकडा सांगतं.

दुसऱ्या फेरीत मुलाने रेषा स्वतः निवडायची आणि सगळ्या गटाला ऐकू जाईल असं सांगायचं, “पाचपैकी तीन.” मग तीन चिंचोके पायाशी डावीकडे मांडायचे. एक रिंग बाटलीभोवती पडली की एक चिंचोका उजवीकडे सरकवायचा. ठरवल्यापेक्षा जास्त पडल्या तर उरलेल्या चिंचोक्यांतले तेवढे उजवीकडे घ्यायचे. लिहिता न येणाऱ्या मुलालाही ठरवलेलं आणि झालेलं यांतलं अंतर जमिनीवर समोर दिसतं. चिंचोक्यांचं काम एवढंच, पण ते वगळू नये.

पाच फेकी झाल्या की बाईंनी किंवा सरांनी एकच प्रश्न विचारायचा: “आता तोच आकडा ठेवतोस की बदलतोस? का?” आणि लगेच तिसरी फेरी घ्यायची. खरं शिकणं या तिसऱ्या फेरीत होतं. वेळ संपत आला म्हणून ती उद्यावर ढकलली तर मागचा आकडा मुलं विसरून जातात.

एका मुलाला साधारण दीड मिनिट लागतं, म्हणजे सहा जणांची फेरी नऊ-दहा मिनिटांत होते. एक फेकणारा, दोघं रिंगा उचलणारे, एक चिंचोक्यांवर लक्ष ठेवणारा, एक रेषेवर पाय पडतो का बघणारा, एक पुढच्या फेकीसाठी तयार. हातात काम नसलेलं मूल दुसऱ्याला चिडवायला लागतं.

कुठे बिघडतं

बरीच मुलं प्रत्येक वेळी ‘पाच!’ म्हणतात. हा हट्ट नव्हे. सहा-सात वर्षांची मुलं स्वतःच्या क्षमतेचा अंदाज जास्तच बांधतात. त्यांना ‘तीन म्हण’ असं सुचवू नये. डावीकडे उरलेले चिंचोके दोन-तीनदा मोजायला लावले की आकडा आपोआप खाली येतो. काही मुलं मात्र १ मीटरची रेषा सोडतच नाहीत. त्यांना चुकण्याची भीती असते. त्यांना आकडा वाढवायला लावण्याऐवजी रेषा अर्ध्या मीटरने मागे न्यायला सांगावं आणि आकडा कमी करायची मोकळीक द्यावी.

रिंगफेकीत माणूस किती अंतर निवडतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनीही अभ्यासलं होतं. काही करून दाखवण्याची ओढ ज्यांच्यात जास्त, ते खुंटीला चिकटून उभे राहत नाहीत आणि सगळं नशिबावर सोडावं इतके लांबही जात नाहीत. आपल्याला वर्गात नेमकी ही मधली रेषा प्रत्येक मुलाला शोधू द्यायची आहे, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते.

म्हणूनच सर्वांत जास्त रिंगा टाकणाऱ्याला बक्षीस देऊ नये. बक्षीस लागलं की सगळे सोप्या रेषेवर येतात. टाळ्या वाजवायच्याच असतील तर त्या तिसऱ्या फेरीत विचार करून आकडा किंवा रेषा बदलणाऱ्यासाठी. ज्याला फेकणं अवघड जातं त्याने बसून चेंडू घरंगळवत बाटली पाडावी. तेव्हा बाटलीतली वाळू काढून टाका; आकडा सांगायचा नियम तोच.

गटाचं ध्येय

दोन-तीन आठवड्यांनी लगोरी घ्यावी, पण चेंडू न घेता. सात चपट्या ठिकऱ्या विस्कटून ठेवायच्या आणि सहा जणांनी मिळून रचायच्या. पहिल्यांदा किती सेकंद लागले ते फळ्यावर लिहायचं. मग गटाने दोन मिनिटं बोलून नवा आकडा ठरवायचा आणि तो गाठण्यासाठी काय बदलणार तेही सांगायचं. ‘जोरात करू’ हे उत्तर घेऊ नये. ‘सगळ्यात मोठी ठिकरी आधी शोधू’, ‘रचणारा एकच, बाकीचे हातात देणार’ असं काही आलं पाहिजे. न बोलता सुरू केलं तर सहा हात एकाच ठिकरीवर पडतात आणि रचलेली लगोरी ढासळते.

दोरीउड्यांना मात्र आठवडा द्यावा. सोमवारी न अडखळता जमलेल्या उड्या मोजायच्या, शुक्रवारचा आकडा त्याहून दोन-तीनने जास्त ठेवायचा आणि रोज पाच मिनिटं सराव करायचा. मधे गैरहजर राहिलेल्या मुलाचा आठवडा धरू नये; त्याने पुढच्या सोमवारी नव्याने मोजावं.

हे अंगवळणी पडलं की दहा शब्दांच्या श्रुतलेखनाआधीही ‘किती बरोबर येतील?’ विचारून तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहायला सांगावा. पहिल्या दिवशी बहुतेक वह्यांत दहा दिसेल. तो खोडायला लावू नका, खाली खरा आकडा लिहू द्या.