रेकॉर्डिंग साफ करता करता शब्दच पुसू नका : या चुका टाळा

लालबागच्या चाळीत मोबाइलवर घेतलेली एक मुलाखत माझ्याकडे साफसफाईला आली. बोलणारे आजोबा गिरणीतले. डोक्यावर पंखा गरगरतोय, खाली कुकरच्या शिट्ट्या. १९८२ च्या संपाचे दिवस सांगताना ते म्हणतात, "वाण्याकडून साठ रुपये उसने घेतले." मी नॉइज रिडक्शन (मागचा सततचा आवाज कमी करणारी सोय) जोरात लावलं, पंखा गायब झाला आणि खूश होऊन फाइल परत पाठवली. टाइप करणाऱ्या मुलीने लिहिलं, "आठ रुपये".

'स'चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४००० कंपनांच्या) वर असतो आणि तो सळसळीसारखाच असल्यामुळे सॉफ्टवेअर त्याला कचरा समजतं. 'श', 'फ', 'ह' यांचंही तेच. म्हणून ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी फक्त पंख्याचा, श्वाससुद्धा नसलेला एखाद-दोन सेकंदांचा तुकडा निवडून 'नॉइज प्रोफाइल' (म्हणजे नको असलेल्या आवाजाचा नमुना) घ्या, मग संपूर्ण फाइलवर हलका हात फिरवा. तिथेच 'रेसिड्यू' हा पर्याय आहे. त्यात काढून टाकलेला आवाज ऐकू येतो. त्या कचऱ्यात माणूस बोलताना ऐकू आला, तर हात जड पडलाय. पंखा थोडा राहिला तरी चालतो हो, कान त्याला सरावतो.

दुसरी चूक क्रमाची. आवाज बारीक आहे म्हणून आधी कॉम्प्रेसर (मोठ्या-बारीक आवाजातलं अंतर कमी करणारं साधन) लावला, की दोन वाक्यांमधला पंखाही वर येतो आणि मग तो काढणं अवघड होतं. आधी ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावून खालची घरघर कापा, मग नॉइज, आवाज वाढवणं शेवटी. चार्जर लावून रेकॉर्ड केल्यावर येणारी गुणगुण आपल्याकडे ५० हर्ट्झची असते, तिची भावंडं १०० आणि १५० वर. तेवढ्याच जागी नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टी कापणारा) लावा.

फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात कन्व्हर्ट करण्याबाबत तर गैरसमजच जास्त. फाइलच्या नावातलं 'ओपस' खोडून 'एमपी३' लिहिलं म्हणजे फाइल बदलत नाही. जुन्या फोनची एएमआर फाइल सेकंदाला ८००० नमुन्यांची असते, आणि नमुन्यांच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज टिकत असल्याने ४००० हर्ट्झच्या वरचं त्यात मुळात नाहीच, मग ३२० केबीपीएसची एमपी३ करून फक्त जागा अडते. काम वेव्ह या न दाबलेल्या फाइलमध्ये करा (मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला मिनिटाला साधारण ५ एमबी) आणि एमपी३ अगदी शेवटी, एकदाच. प्रत्येक वेळी एमपी३ उघडून पुन्हा एमपी३ केली, की दर फेरीला थोडं झिजतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ फाइल मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आणि मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिला हात लावू नका. माझ्याकडे ती होती, म्हणून 'साठ' परत मिळाले.

माइक तोंडाला चिकटवून फाटलेला आवाज मात्र नीट होत नाही. ऑडॅसिटीतलं 'क्लिप फिक्स' कापली गेलेली टोकं जरा गोल करतं, इतकंच. करी रोडहून सुटणाऱ्या लोकलचा भोंगाही नॉइज प्रोफाइलने जात नाही, कारण तो पंख्यासारखा एकसुरी, सतत नसतो. आजोबांचा एक शब्द त्याखाली गेलाच. तिथे मी आवाज थोडा खाली घेतला आणि टाइप केलेल्या मजकुरात नोंद टाकायला सांगितली : १४ मिनिटे ७ सेकंद, भोंगा.