बारा नट, तीन नाटकं: पगारी नाटक कंपनीची आखणी

मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकात नटाला ‘नाईट’, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळते. प्रयोग नाही तर पैसे नाहीत, म्हणून तो तारखा मालिकांनाही देतो. पगारी कंपनीत हिशेब उलटा: नट पूर्णवेळ तुमचा, पण प्रयोग लागो न लागो, पगार द्यावाच लागतो. कर्नाटकातल्या हेग्गोडू गावच्या नीनासम या नाट्यसंस्थेची ‘तिरुगाट’ ही फिरती मंडळी १९८५ पासून एकाच नटसंचात एकाहून अधिक नाटकं घेऊन कर्नाटकभर फिरते. बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात मराठी कंपनी काढायची तर हा नमुना सोयीचा.

नाटक ठरवून मग नट शोधण्याची आपली सवय इथे महागात पडते. आधी संच, मग संहिता. कागदावर तक्ता आखा: आडव्या ओळींत नट, उभ्या रकान्यांत नाटकं. ज्याला एका नाटकात मुख्य भूमिका, त्याला दुसऱ्यात किरकोळ. प्रत्येक मोठ्या भूमिकेपुढे संचातल्याच बदली नटाचं नाव लिहा आणि महिन्यातून एकदा त्याची उभी, म्हणजे हालचालींसकट, तालीम घ्या. नुसतं पाठांतर असलेला बदली नट संवादांत नाही, हालचालींत अडकतो. दुहेरी भूमिका देताना मधली पानं मोजा. पान साधारण दीड-दोन मिनिटांचं; साध्या कपडेबदलाला एक पान पुरतं, दाढी-मिशी लावायची तर तीन हवीत.

खानापूरकडचा पाऊस बघता जून ते सप्टेंबर तालमींना द्या, दौरा दिवाळीनंतर. माघात चिंचलीच्या मायाक्काची जत्रा असते. रायबागकडच्या तारखा त्या दिवसांत नकोत.

नेपथ्य दौऱ्यातल्या सर्वांत लहान रंगमंचाच्या मापाने करा. फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) आठ बाय चार फुटांचे, जोड बिजागरी-पिनेचे. खिळे ठोकत राहिलात तर काही प्रयोगांतच चौकटीचं लाकूड फाटतं. रंगमंचावर लेव्हल (उंचीचे चौथरे) आधी लागतात, म्हणून त्या ट्रकमध्ये शेवटी चढवा. सभागृहाचा वीजभार तारीख घेतानाच विचारा, थ्री फेज आहे का तेही. संध्याकाळी दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर लोड घेईना झाला की उपाय उरत नाही.

खरी गडबड होते ती आलटून-पालटून प्रयोग करताना. तीच जोडी दोन नाटकांत भांडत असेल तर एका नाटकातलं वाक्य दुसऱ्यात घुसतं आणि समोरचा नट थेट तिकडच्या प्रवेशात जातो. म्हणून अशा जोड्या तक्त्यातच तोडा. एखाद्या नाटकाला दहा दिवसांहून जास्त खंड पडला असेल, तर प्रयोगाच्या दुपारी बसून, दुप्पट वेगाने, अभिनयाशिवाय सगळे संवाद म्हणून घ्या.