मिग वेल्डिंगचं सेटिंग जमत नाहीये? आधी या चुका टाळा

घरी गेट, स्टँड, कुंड्यांची रॅक असलं काहीतरी करायला मिग मशीन (गनमधून वायर आपोआप पुढे येत राहते ते वेल्डिंग मशीन) आणलं की पहिल्या दिवशी सगळ्यांचं सेमच होतं, बीड (वेल्डची रेघ) नीट येत नाही म्हणून माणूस व्होल्टेज आणि वायर स्पीड, दोन्ही नॉब एकदम फिरवत सुटतो आणि मग कशाने बिघडलं, कशाने सुधारलं काही कळतच नाही. मीपण हेच केलंय, एका रविवारात चार टिपा (गनच्या तोंडाची टोकं, ज्यातून वायर बाहेर येते) जाळल्या.

वायर स्पीड वाढवला की करंट वाढतो, व्होल्टेजवर आर्कची (वायर आणि लोखंडामधल्या ठिणगीची) लांबी आणि बीडची रुंदी ठरते. म्हणून व्होल्टेज जाडी बघून एकदा लावायचं आणि मग हात फक्त वायरच्या नॉबवर. हिशोब सोपाय, लोखंडाच्या 1 मिमी जाडीला साधारण 40 अँपिअर आणि 0.8 मिमीच्या सॉलिड (भरीव) वायरला एका अँपिअरमागे मिनिटाला 5 सेमी वायर, म्हणजे 2 मिमीच्या चौकोनी पाईपला 80 अँपिअर, मिनिटाला 4 मीटर, व्होल्टेज 17-18 च्या आसपास. नॉबवर नुसते 1 ते 10 आकडे असले तर अर्थ क्लॅम्प काढा, गन जॉबपासून (वेल्ड करायच्या लोखंडापासून) लांब धरून 6 सेकंद ट्रिगर दाबा आणि बाहेर आलेली वायर टेपने मोजा, 40 सेमी भरली की झालं.

पुढचं काम कानाचं. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चर्रर्र आवाज आला तर सेटिंग बरोबर. वायर जॉबवर ठोकर मारतेय, गन मागे ढकलतेय, बीड उंच आणि नुसतं वर बसलेलं दिसतंय, तर वायर जास्त झाली. याउलट वायर टिपेपर्यंत जळत येऊन तिथेच चिकटत असेल तर वायर कमी पडतेय (माझ्या चारही टिपा अशाच गेल्या). पातळ पाईपला होल पडत असेल तर व्होल्टेज आणि वायर दोन्ही थोडं उतरवा आणि सलग ओढू नका, टाके मारा.

आता खरी गंमत, निम्म्या वेळा दोष सेटिंगचा नसतोच. बिनगॅसची फ्लक्स कोअर वायर (आत पावडर भरलेली) लावली आणि गन प्लसलाच ठेवली तर छर्रे उडतच राहणार, तुम्ही नॉब कितीही फिरवा. तिला गन मायनसला लागते, गॅसवाल्या सॉलिड वायरला प्लसला. बीडमध्ये बारीक भोकं पडत असतील तर आधी पंखा बंद करा, वेल्ड हवेपासून झाकणारा गॅस उडून जातो, आणि रंग-गंज ग्राइंडरने काढा. आवाज मधेच तुटत असेल तर घासलेली टिप, वायर ढकलणारा ढिला रोलर नाहीतर रंगावर लावलेला अर्थ क्लॅम्प बघा.

आणि लाईट! बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेंशन लावलं की मशीनपर्यंत व्होल्टेज पोचतच नाही. आमच्याकडे सकाळी मस्त लागलेलं सेटिंग संध्याकाळी ठोकर मारायला लागायचं, मी दोन दिवस वायर कमी-जास्त करत बसलो, शेवटी लक्षात आलं की शेजारच्यांची बोअरची मोटर सुरू झाली की आमचा बल्बपण मंद होतो. आता मोटर बंद झाल्याचा आवाज आला की मगच मी हेल्मेट घालतो.